घरच्या मशीनवर ग्राफ नोड

इथेरियमची साखळी ३० जुलै २०१५ पासून लिहिली जातेय आणि ती कुणालाही वाचता येते. पण ‘अमुक पत्त्याने गेल्या वर्षी कोणकोणते व्यवहार केले?’ एवढा साधा प्रश्न थेट नोडला विचारून पाहा. त्याच्याकडे ब्लॉक असतात, अशा प्रश्नांसाठी लावलेले तक्ते नसतात. म्हणून बहुतेक ॲप्स दुसऱ्या कुणीतरी तयार केलेल्या इंडेक्सवर विसंबतात. मला ते पुरेसं वाटत नाही. ज्या आकड्यांवर लोक पैसे लावतात, ते साखळीतून कसे काढले हे कुणालाही स्वतः तपासता आलं पाहिजे. म्हणूनच घरच्या लिनक्स मशीनवर मी साखळी वाचून इंडेक्स बनवणारा ‘द ग्राफ’चा ग्राफ नोड चालवायला घेतला.

डॉकर कंपोजच्या एका फाइलीत तीन कंटेनर बसतात: रस्टमध्ये लिहिलेला ग्राफ नोड, सबग्राफच्या (साखळीतून काय वाचायचं आणि कसं मांडायचं, याच्या वर्णनाच्या) फायली ठेवणारा आयपीएफएस आणि पोस्टग्रेस. ८०२० पोर्टवर सबग्राफ डिप्लॉय करायचा, ८००० वर क्वेरी. (८०२० बाहेर उघडा ठेवू नये, तिथे पोहोचलेला कुणीही सबग्राफ काढूनही टाकू शकतो.) डेटाबेस सी लोकेलनेच बनवलेला लागतो, नाहीतर ग्राफ नोड पुढे सरकत नाही.

वाचायला मी टोकनांच्या जोड्यांत अदलाबदल करून देणाऱ्या युनिस्वॅपची दुसरी आवृत्ती निवडली. तिचा नव्या जोड्या बनवणारा फॅक्टरी काँट्रॅक्ट मे २०२० मध्ये १,००,००,८३५ क्रमांकाच्या ब्लॉकवर आला, त्यामुळे वाचनही तिथूनच सुरू करायचं. फॅक्टरी नवी जोडी जाहीर करते, की सबग्राफ त्या जोडीचा काँट्रॅक्टही नजरेखाली घेतो. लॉगमध्ये ब्लॉकचे आकडे सरकत राहतात. मागच्या ब्लॉकवरची स्थिती विचारायची असेल, तर समोर आर्काइव्ह नोड हवा. साधा नोड इतकी जुनी स्थिती जपत नाही.

खरी गंमत पोस्टग्रेसमध्ये आहे. पीएसक्यूएल उघडून एका जोडीच्या ओळी काढल्या, की प्रत्येक ओळीत ‘ब्लॉक रेंज’ नावाचा रकाना दिसतो. जोडीतला साठा बदलला, की जुनी ओळ पुसली जात नाही; तिची रेंज त्या ब्लॉकवर बंद होते आणि खाली नवी, पुढचं टोक उघडं असलेली ओळ येते. साखळीच्या टोकाशी रीऑर्ग झाला, म्हणजे काही ब्लॉक बाद होऊन त्यांच्या जागी दुसरे आले, तर बाद ब्लॉकवरच्या ओळी काढल्या जातात आणि त्या ब्लॉकवर बंद झालेल्या जुन्या ओळी पुन्हा उघडतात. इतकी नेटकी रचना मी फार थोड्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिली आहे. तिची किंमत डिस्कवर मोजावी लागते: गजबजलेल्या जोडीच्या ओळी वाढतच जातात. जुना इतिहास नको असेल, तर छाटणीची सोय आहे. मी ती बंद ठेवली.

कंटेनर मात्र बिनधास्त उडवावेत. ‘डाउन’ करून इमेज बदलली आणि पुन्हा ‘अप’ केलं, तरी वाचन थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं, कारण सगळी कमाई पोस्टग्रेसच्या व्हॉल्यूममध्ये असते. बॅकअप घ्यायचा तो त्याचाच.

पडताळणीसाठी मी युनिस्वॅपच्या या आवृत्तीची अगदी पहिली जोडी, यूएसडीसी आणि वेथ (टोकनरूपातला इथर) यांची, घेतली. एक जुना ब्लॉक धरून ग्राफ नोडला साठा विचारला आणि त्याच ब्लॉकवर आर्काइव्ह नोडमार्फत थेट काँट्रॅक्टला. काँट्रॅक्टकडून पूर्णांक येतात. यूएसडीसीचे सहा दशांश आणि वेथचे अठरा आपण लावायचे. ते लावल्यावर दोन्ही उत्तरं शेवटच्या अंकापर्यंत जुळली.