थकण्याआधीची सुट्टी

माथेरानला आलेय. दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाड्यांना मनाई, त्यामुळे सामान हमालाकडे दिलं आणि लाल मातीतून चालत निघाले. चालताना आधी जाणवले ते खांदे. कानांपर्यंत चढलेले, आणि बहुधा कित्येक महिने तसेच.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. तिच्या लेखी हा आजार नाही. कामाच्या ठिकाणचा ताण साचत गेल्याचा तो परिणाम आहे. लक्षणं तीन: शक्ती संपणं, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि हातून काम नीट न होणं. मला भीती वाटते ती मधल्या लक्षणाची. थकवा झोपेने काहीसा उतरतो. आवडत्या कामाचा वीट आला की माणूस आतून बदलतो.

इथे पॉइंट पुष्कळ. लोक ते भराभर उरकतात, फोटो काढतात आणि दमून परततात. मी आज फक्त शार्लोट तलावापाशी बसले. दुपारी झोपले. फोन बंदच आहे, कारण निघण्यापूर्वी हातातलं काम सहकारी मैत्रिणीकडे नीट सोपवलं होतं. ही तयारी नसेल तर कुठलाही डोंगर विश्रांती देत नाही.

अर्थात, परतल्यावर तेच लांबलेले तास असतील तर हा तजेला फार टिकणार नाही. त्याबद्दल साहेबांशी बोलावंच लागेल. तुम्हीही बोला. आणि सुट्टी कोसळल्यावर मागू नका. पायांत चालायची हौस आहे तोवरच घ्या.