मोबाईल लूमवर जातो

2021 च्या ऑगस्टमध्ये माझ्या टिपणवहीत चौथीतल्या एका मुलाच्या नावापुढे सलग अकरा दिवस मी लाल शाईने 'गैरहाजर' लिहिलं होतं. शाळा तर बंदच होती. हजेरी म्हणजे सकाळी दहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर धडा टाकायचा आणि दुपारपर्यंत कुणाच्या वहीचा फोटो आला, कुणाचा नाही, ते बघायचं. ह्याचा एकदाही आला नाही. बाराव्या दिवशी मी त्याच्या घरी गेले, जरा रागातच.

अम्मीने दार उघडलं. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "टीचर, मोबाईल तो इनके साथ लूम पे जाता है. रात को आठ बजे आता है."

घरात फोन एकच. यंत्रमागावरची पाळी बारा तासांची. म्हणजे माझा दहाचा धडा रोज त्याच्या वडिलांच्या खिशात, मागांच्या खडखडाटात वाजत होता आणि मुलगा माझ्या वहीत गैरहाजर होता. भिवंडीत इतकी वर्षं शिकवूनही हे मला आधी सुचलं नाही, याची लाज वाटली. त्या दिवसापासून धडा रात्री साडेआठला जाऊ लागला. पहिल्याच रात्री, नऊ वाजून दहा मिनिटांनी, त्याच्या वहीचा फोटो आला. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

तेव्हा आम्हा शिक्षकांना एकच गोष्ट सारखी ऐकायला मिळायची: सगळं मोफत आहे, फक्त वापरा. ते खोटं नव्हतं. 'दीक्षा' 2017 पासून सुरू आहे. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, पुस्तकांच्या पीडीएफ प्रती फुकट उतरवता येतात, उर्दू माध्यमाच्याही. प्रश्न पैशांचा नव्हताच म्हणा ना. ते फुकटचं सामान आमच्या मुलांच्या कानापर्यंत, डोळ्यांपर्यंत कसं पोचवायचं, हा होता.

क्यूआर कोडवरून रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात. सोलापूर जिल्ह्यातलं परितेवाडी, तिथली जिल्हा परिषदेची शाळा. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. पेपरात ह्याच दोन गोष्टी गाजल्या, क्यूआर कोड आणि बक्षीस. मला त्यातली तिसरी गोष्ट मोठी वाटते. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती. गुरुजी आधी कन्नड शिकले, पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि मग त्यांना कोड जोडले. ते चौकोनी चित्र सगळ्यांनी उचललं. भाषा शिकायचं काम मात्र कुणी कुणाला प्रशिक्षणात सांगत नाही.

आता आमची गोष्ट. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. उर्दूचं पाठ्यपुस्तक नस्तालीक लिपीत असतं, अक्षरं उतरत्या तिरक्या ओळीत एकमेकांच्या खांद्यावर बसलेली. साध्या मोबाईलवर तोच मजकूर बहुतेक वेळा नस्ख वळणात दिसतो, सरळ आणि सपाट, अरबीसारखा. मोठ्यांना फरक पडत नाही. पहिली-दुसरीच्या मुलाला पडतो. पुस्तकात ओळखलेलं अक्षर फोनवर परकं होतं. एका मुलीने मला विचारलं होतं, "टीचर, ये उर्दू है या अरबी?" तेव्हापासून उर्दू मजकूर मी तसाच पुढे ढकलत नाही. संगणकावर नस्तालीकमध्ये टाइप करते, त्याचं चित्र करते आणि ते पाठवते. नोटो नस्तालीक हा फाँट फुकट मिळतो. पाच ओळींच्या कामाला अर्धा तास जातो. (मोफतचा हिशेब करताना शिक्षकाची संध्याकाळ कुठल्या रकान्यात धरतात, कोण जाणे.)

मराठीचं दुखणं वेगळं. वर्गातली बरीच मुलं उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या घरांतली, त्यांच्या तोंडी 'ळ' नाही. 'केळी'ची 'केली' होते, 'बाळ'चा 'बाल'. आमच्या कोकणी मुसलमान घरांतली मुलं 'ळ' अगदी सहज म्हणतात, घरची बोलीच मराठीची आहे. मुलांचं वाचन ऐकून चुकलेला शब्द दाखवणारं एक मोफत ॲप मी तेव्हा आणलं. दिघाशीत आमच्या ओटीवर शेजारच्या मुलाकडून वाचून घेतलं, झकास चाललं. लूमच्या वस्तीत नेलं तर त्याला काहीच ऐकू येईना. भिंतीपलीकडे माग चालू, मुलगा ओरडून वाचतोय आणि पडद्यावरचा शब्द जागचा हलत नाही. शेवटी मुलाला वाटलं, आपलंच चुकतंय. मी ते ॲप त्याच्यासमोर काढून टाकलं.

त्याऐवजी जे चाललं ते फार साधं होतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर एकच गोष्ट अनेक भाषांत असते, चित्रं तीच. 2015 पासून हे खुलं आहे. पुस्तक उतरवा, छापा, हवं तर स्वतः भाषांतर करा, परवानगी दिलेलीच आहे. मी एकेक गोष्ट उर्दूत आणि मराठीत उतरवून ठेवली. शाळा उघडल्यावर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स काढल्या आणि टाचण्या मारल्या. सोमवारी गोष्ट उर्दूत वाचायची, मंगळवारी तीच मराठीत. गोष्ट आधीच माहीत असल्याने मूल शब्दाला घाबरत नाही, अंदाज बांधतं. 'दरख़्त'च्या चित्राखाली 'झाड' दिसलं की ते समजावून सांगावं लागत नाही. ह्यात वर्गात पडदा नाही, नेट नाही. तंत्रज्ञान माझ्या घरीच संपतं, वर्गात जातो तो कागद.

आणि आवाज. रात्री साडेआठच्या धड्याबरोबर मी दोन-तीन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवायचे, मराठी परिच्छेद सावकाश वाचून. व्हिडिओपेक्षा डेटा कितीतरी कमी लागतो आणि परत परत ऐकता येतो. मुलांनी तसंच वाचून परत पाठवायचं. त्या मुलाच्या पहिल्या निरोपात मागे लूम वाजतोय, मध्येच धाकटी रडतेय, आणि 'केळी'पाशी तो थांबतो. एकदा 'केली', मग पुन्हा 'केली'. मग मागून अब्बांचा आवाज येतो, दिवसभर उभं राहून दमलेला: "जीभ ऊपर लगा, पीछे." वडील स्वतः भिवंडीत येऊन मराठी शिकलेले. तिसऱ्यांदा 'केळी' नीट येते. ॲपला हे दोघंही ऐकू आले नसते.

तो मुलगा आता हायस्कूलला आहे. यंदा त्याची धाकटी बहीण माझ्या वर्गात आली. पहिल्या दिवशी मुलांचे फोन नंबर लिहून घेताना मी आता आणखी एक रकाना आखते: फोन घरी किती वाजता असतो. तिची अम्मी हसली.

"वही, टीचर. आठ के बाद."