विम्याबाहेरचे

बडोद्यात तीस वर्षे आम्ही आगीपुराच्या विम्याची जोखीम मोजली. गोदामात शिरताच आमची नजर मालाकडे नव्हे, जमिनीकडे जाई. गाठी फळ्यांवर रचल्या आहेत ना, हे आधी पाहत असू. १० लाखांच्या मालाचा विमा ५ लाखांचाच उतरविला, तर २ लाखांच्या नुकसानीस १ लाखच मिळतो, हे सरासरीचे कलम आम्ही कित्येक दुकानदारांना निर्विकारपणे समजावले. दानधर्मातही तीच शिस्त! फीसाठी आलेल्या एका विद्यार्थ्याकडे आम्ही उत्पन्नाचा दाखला मागितला. तो पुन्हा फिरकला नाही.

२०१९ च्या जुलैअखेर अतिवृष्टी झाली, विश्वामित्री पात्राबाहेर आली आणि नाट्यसंगीताच्या आमच्या तबकड्या चिखलात गेल्या. सर्वांत खालच्या कप्प्यात होत्या त्या, आणि विमा नव्हता! आमच्या सौ. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

त्याच आठवड्यात गल्लीतला शिंपी आला. त्याचे शिवणयंत्र पाण्यात बुडाले होते. यंत्राची पावती मागण्यास आम्ही तोंड उघडले, तोच तो विद्यार्थी आठवला. नव्या तबकड्यांसाठी बाजूला काढलेले पैसे आम्ही त्याच्या हाती ठेवले. “परत आणून देईन,” तो म्हणाला. केव्हा, हे आम्ही विचारले नाही.