ड्रम दाबून पाहा

फ्रंट लोड वॉशिंग मशीनचं वरचं झाकण काढलं की घरातली माणसं हमखास विचारतात, "आत दगड कशाला?" ते काँक्रीटचं वजन असतं, टबला घट्ट आवळलेलं. ओला टॉवेल ड्रमच्या एका बाजूला गोळा झाला, केंद्रापासून २५ सेंटिमीटरवर ३०० ग्रॅमचा फरक पडला, तर मिनिटाला १२०० फेऱ्यांना त्याची ओढ सुमारे १२० किलो वजनाइतकी होते. तीही सेकंदाला २० वेळा गोल फिरणारी. ती थेट बॉडीला लागली तर मशीन जागा सोडेल. म्हणून टब जड करून वरून स्प्रिंगांना टांगतात. मग भर वेगात तो जेमतेम एक-दोन मिलिमीटर हलतो.

खरी परीक्षा असते ती वेग चढताना आणि उतरताना. टबची स्वतःची झुलण्याची एक लय असते. स्प्रिंग किती ताठ आणि टब किती जड, यावर ती ठरते. फेऱ्या त्या लयीला जुळल्या की प्रत्येक फेरी झोका वाढवत नेते. स्प्रिंग घेतलेलं सगळं परत देते, तिच्याकडून थांबवण्याची अपेक्षाच करू नये. ते काम खालच्या तिरक्या डॅम्परचं, म्हणजे आमच्या शॉकरचं. प्लास्टिकच्या नळीत दांडा आणि ग्रीसमध्ये भिजलेली फोमची पट्टी, एवढंच. पट्टी घासते, झोक्याची उष्णता होते, टब शांत होतो. ग्रीस संपून फोम झिजला की तोच दांडा दोन बोटांनी आत-बाहेर सरकतो.

तरीही शॉकर जितका घट्ट तितका बरा, असं मुळीच नाही. फेऱ्या त्या लयीच्या १.४ पटीपुढे गेल्या की घट्ट शॉकर टबचा हादरा उलट बॉडीला पोचवतो. म्हणून काही शॉकरमध्ये फोमला थोडी मोकळीक ठेवलेली असते. बारीक थरथर घासल्याशिवाय निघून जाते, मोठ्या झोक्यालाच पट्टी अडवते. या कामात इतकी देखणी युक्ती मी दुसरी पाहिली नाही.

मशीन उड्या मारू लागलं की लोक खाली रबर सरकवतात. मऊ रबर म्हणजे आणखी एक स्प्रिंगच. त्याआधी मशीन बंद करा, प्लग काढा, दार उघडून रिकामा ड्रम खाली दाबा आणि सोडा. वर येऊन लगेच थांबला तर शॉकर ठीक आहेत. नाचत राहिला तर बदला, आणि बदलताना सगळे एकदम बदला.