लोकरीला कसर लागली तेव्हा

भाचीला सातवा महिना लागत होता. बाळंतविड्यातली झबली, टोपडी, दुपटी तिच्या सासूबाई शिवणार होत्या. लोकरीचं काम माझ्याकडे आलं. स्वेटर, टोपी, पायमोजे आणि वेळ मिळाला तर एखादी लहान शाल. गणपती उठले आणि मी लोकर काढायला बसले.

लोकर आमच्याकडे कधी कमी नव्हती. पलंगाखालच्या बॉक्समध्ये तिचा मुक्काम. माझ्या सासूबाई नागपूरला होत्या तेव्हा दर थंडीत विणायच्या. त्यांच्या उरलेल्या लडी माझ्याकडे आल्या. त्यात मी रविवार पेठेतून वेळोवेळी आणलेली भर. शिवाय मुलीच्या रुखवतातलं उरलेलं सामान होतंच: तोरणाचे मोती, महिरपीची टिकली, क्रोशाचा दोरा, भरतकामाच्या लड्या, लेस, फॉल, अस्तराचे तुकडे. सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि कोणत्या पिशवीत काय आहे ते फक्त मला ठाऊक. म्हणजे मला तसं वाटायचं.

सासूबाईंची दुधी रंगाची लोकर काढली. टोक ओढलं तर हातभर धागा आला आणि तुटला. पुन्हा ओढलं, पुन्हा तुटला. गुंडा उलटा केला तर खालून पांढरं जाळं निघालं. जाळ्यात बारीक अळ्या आणि दुधी रंगाचीच रवाळ विष्ठा. ती लोकरीच्याच रंगाची असते, म्हणून वरवर बघून कळत नाही. पिशवी झटकली तेव्हा दोन-तीन फिकट सोनेरी पतंग उडाले आणि लगेच पलंगाच्या अंधारात शिरले.

कसर लागली होती.

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. तरी त्या दिवशी मी कुणाला काही न सांगता बॉक्स बंद केला आणि स्वयंपाकाला लागले. जेवताना यांनी विचारलं, ‘काय झालं?’ तेव्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पिशव्या हॉलमध्ये आणल्या. जुनी चादर पसरली आणि एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. सासूबाईंची लोकर आणि मी हौसेने घेतलेली मेरिनो, दोन्ही खाल्लेली होती. त्याच पिशवीतले स्वस्तातले ॲक्रिलिकचे गुंडे मात्र जसेच्या तसे. सुती क्रोशाच्या दोऱ्यालाही काही झालं नव्हतं.

कारण सोपं आहे. खऱ्या लोकरीत केराटिन असतं. केसात, नखात, पिसात असतं तेच. कसरीच्या अळीला ते पचतं. रेशीमही ती सोडत नाही. ॲक्रिलिक किंवा सूत तिचं अन्न नाही, पण त्यावर घामाचा किंवा खाण्याचा डाग असेल तर तेही कुरतडलं जातं. खाते ती अळी. उडणारा पतंग काही खात नाही, तो फक्त अंडी घालून जातो. त्यामुळे पतंग मारले म्हणजे काम झालं असं नाही. दिव्याभोवती घिरट्या घालतात ते पतंगही हे नव्हेत. यांना अंधारच आवडतो.

शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, ‘डांबरगोळ्या टाक मूठभर.’ इतर वेळी मी टाकल्याही असत्या. पण ही लोकर तान्ह्या बाळासाठी होती. डांबरगोळीत नॅप्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळ्यांतले कपडे घातले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढू शकते. आमच्या एका नातलगाच्या बाळाच्या वेळी डॉक्टरांनी हे बजावून सांगितलं होतं, म्हणून मला माहीत. काकूंना पटलं. त्यांनी वेखंड आणि कडुलिंबाचा पाला सुचवला. दोन्ही मी वापरते, पण आधीच शिरलेली अळी त्याने मरेल या भरवशावर राहू नये.

उपयोग झाला तो फ्रीजरचा. पार खाल्लेली लोकर पिशवीत घट्ट बांधून सरळ कचऱ्यात दिली. वाचण्यासारखी होती ती झिपच्या पिशव्यांत भरली, हवा काढली आणि फ्रीजरमध्ये ठेवली. घरचा फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास असतो. आठवडाभर ठेवायचं, बाहेर काढायचं, एक दिवस घरात राहू द्यायचं आणि पुन्हा आठवडाभर आत. मधला दिवस अशासाठी की एखादं अंडं तगलं असलं तर ते उबेने जागं होतं आणि दुसऱ्या थंडीत सापडतं. पिशवी बाहेर काढली की लगेच उघडायची नाही. तिच्यावर घाम धरतो. ती घरातल्या हवेइतकी झाली, बाहेरून कोरडी झाली, की मगच उघडायची. नाहीतर तेच पाणी लोकरीत उतरतं. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा इतका गार होतोच असं नाही. ज्यांच्याकडे तसा फ्रिज असेल त्यांनी दोन दारांचा फ्रिज असलेली मैत्रीण गाठावी.

आमच्याकडे मटार आणि आइसक्रीम हलवावं लागलं. त्यावरून घरात थोडी बोलाबोली झाली. लोकर आधी की आइसक्रीम, हा प्रश्न आमच्याकडे अजूनही निघतो.

तेवढ्या काळात पलंगाचा बॉक्स रिकामा केला. कोपऱ्यात, फटींत, बिजागरीजवळ व्हॅक्यूम फिरवला आणि त्याची पिशवी लगेच बाहेर टाकली. मग बॉक्स ओल्या फडक्याने पुसून उघडा ठेवला. ऑक्टोबरचं कडक ऊन होतं. रंगीत लोकर उन्हात फिकी पडते, म्हणून फक्त पांढरी आणि दुधी लोकर बाहेर ठेवली, तीही झटकून, ब्रश फिरवून.

आता प्रश्न होता लेबल नसलेल्या गुंड्यांचा. निम्म्याहून जास्त गुंड्यांचे कागद केव्हाच हरवलेले. हाताला मऊ लागतं म्हणून लोकर म्हणावं तर हल्लीचं ॲक्रिलिकही मऊ असतं. तेव्हा आईची जुनी पद्धत काढली. बोटभर धागा चिमट्यात धरायचा, खाली पाण्याची ताटली ठेवायची आणि टोक पेटवायचं. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती बहुधा आपोआप विझते आणि राख बोटाने चुरली जाते. ॲक्रिलिक वितळतं आणि थंड झालं की काळी कडक गाठ उरते. सुताला कागद जळल्याचा वास. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा थोड्या थोड्या दिसतात. खिडकी उघडी ठेवा आणि साडीचा पदर आधी खोचा.

त्या संध्याकाळी आमच्याकडे काय वास होता ते विचारू नका.

एव्हाना मुलगी दिवाळीला घरी आली. तिने मनावर घेतलं आणि सगळे गुंडे पुस्तकांच्या उघड्या फळीवर रंगांप्रमाणे लावून टाकले. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. फार सुंदर दिसत होतं. येणारा प्रत्येक जण त्याचा फोटो काढायचा. पण मला चार प्लायची पांढरी लोकर हवी असली की सगळी पांढरी रांग उपसायला लागायची, कारण तिच्यात जाड, बारीक, लोकरी, सुती सगळं एकत्र. शिवाय धूळ. आणि दुपारचं ऊन त्या फळीवर येतं. महिन्याभरात जांभळ्या गुंड्याची खिडकीकडची बाजू उतरली. विणणाऱ्याच्या घरात लोकर रंगांनी लावू नये हे माझं ठाम मत झालं आहे. दुकानात ठीक आहे.

मुलगी गेल्यावर मी पुन्हा लावलं. आधी धाग्याच्या जातीने, मग जाडीने, आणि रंग सगळ्यात शेवटी. खरी लोकर आणि रेशीम झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत, आत पुन्हा झिपच्या पिशव्या. घरात नवी येणारी खरी लोकरही आधी फ्रीजरमधून जाते, मगच डब्यात. सुती दोरा कोरड्या जागी, उन्हापासून लांब. ॲक्रिलिक कुठेही राहतं, म्हणून त्याच्या वाट्याला जुन्याच कापडी पिशव्या आल्या. डबे पारदर्शक घेतले. श्रीखंडाचे आणि आइसक्रीमचे रिकामे डबे मी वर्षानुवर्षं साठवले होते. ते फुकट आणि टिकाऊ खरे, पण आत काय आहे ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते आपण पुन्हा विकत आणतो. माझ्याकडे एकाच राखाडी रंगाची लोकर तीन ठिकाणी निघाली.

सगळ्यात उपयोगी पडला स्वयंपाकघरातला वजनकाटा. उरलेल्या गुंड्याचं काय होईल हे नुसतं बघून कळत नाही. वजन केलं की कळतं. चार प्लायमध्ये बाळाच्या टोपीला ४० ग्रॅमच्या आत-बाहेर लागते. ते जवळ असेल तर टोपी सुरू करायची, नसेल तर पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाकली: जात, प्लाय, ग्रॅम आणि लेबल असेल तर शेड नंबर व लॉट नंबर. लॉट नंबर अजिबात गाळू नये. शेड तीच असली तरी दुसऱ्या लॉटचा रंग किंचित वेगळा येतो, आणि तो फरक स्वेटरच्या पाठीवर विणून झाल्यावरच दिसतो.

गुंडे करताना आणखी एक पथ्य. लोकर आवळून गुंडाळायची नाही. ताणलेली राहिली तर तिची लवचीकता जाते आणि विणलेला कपडा पहिल्या धुण्यात आकसतो. मी गुंडाळताना अंगठा आत धरते आणि मग काढून घेते, तेवढी सैल राहते.

सुयांचा गोंधळ वेगळाच होता. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात. तिथे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. नव्या सुयांवर आणि नमुन्यांत सरळ मिलिमीटर. मुलीने एकदा ‘४ नंबर’ वाचून भलतीच जाड सुई घेतली होती. भोकांची मापपट्टी स्वस्तात मिळते. ती आणून सगळ्या सुया मापल्या आणि जोड्या रबराने बांधल्या. एकट्या उरलेल्या सुया कुंड्यांत रोपांना आधाराला लावल्या. स्टीलच्या क्रोशाच्या सुयांना पावसाळ्यात गंज धरतो. बारीक पॉलिश पेपरने घासून, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवून, कोरड्या पुसून ठेवल्या. शिवायच्या सुया आमच्याकडे आधीपासून टाल्कम पावडरमध्ये असतात. त्या बऱ्या राहतात.

भरतकामाच्या लड्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गुंडाळल्या आणि प्रत्येकावर दोऱ्याचा नंबर लिहिला. हे कंटाळवाणं काम आहे, टीव्हीसमोर बसूनच होतं. बटणं, हूक-आकडे, टिचबटणं, मोती हे जुन्या मिसळणाच्या डब्यात गेले. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. डबा आधी नीट धुवा, नाहीतर मोत्यांना हळद लागते.

बाळंतविड्याचं काय झालं? स्वेटर आणि मोजे नवी लोकर आणून केले. सासूबाईंची जी वाचली तिचे तुकडे तुकडे झाले होते. पण खरी लोकर जोडता येते. दोन्ही टोकं थोडी उकलायची, एकमेकांवर ठेवायची, कोमट पाण्याने ओली करायची आणि तळहातांत जोरात चोळायची. धागे एकमेकांत गुंततात, गाठ पडत नाही. मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेल्या लोकरीला हे जमत नाही, ॲक्रिलिकला तर नाहीच. जोडून जोडून दुधी रंगाची टोपी झाली. भाचीला सांगितलं ही कुणाच्या लोकरीची आहे. ती काही बोलली नाही, पण बारशाला तीच टोपी घातली होती.

उरलेल्या ॲक्रिलिकपैकी बरंचसं आमच्या भागातल्या शाळेला कार्यानुभवासाठी दिलं. देण्याआधी विचारलं. त्यांना जाड धागा आणि भडक रंग हवे होते, माझ्याकडची बारीक करडी लोकर त्यांच्या कामाची नव्हती. कसर लागल्याची शंका असलेलं काहीही कुणाला देऊ नये.

त्यानंतर एक पावसाळा गेला. डबे भिंतीला न चिकटवता, जमिनीपासून वर ठेवले होते. प्रत्येकात सिलिका जेलच्या पुड्या होत्या. श्रावणात एकदा आणि नवरात्राआधी एकदा सगळं उघडून पाहिलं. कसर नाही, ओल नाही. एका सुती दोऱ्याला बुरशीचा वास आला, तो धुऊन वाळवला.

खर्च झाला तो झिपच्या पिशव्या, थोडे डबे आणि मापपट्टी एवढाच. कपाट करून घ्यायचा विचार होता, त्याची गरज पडली नाही. तुम्ही आवरायला काढणार असाल तर डबे आधी आणू नका. आधी सगळं जमिनीवर काढा, जाळून ओळखा, तोलून बघा, नको ते द्या. किती डबे लागतात ते त्यानंतर कळतं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा कमीच लागतात.