गोदीला परभणीला नेलं

घरातल्या माणसाला मोठं ऑपरेशन सांगितलं की आपण आणखी एका डॉक्टरांना दाखवतोच. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गोदीला परभणीला दाखवून आणतो म्हणालो, तेव्हा मात्र नात्यातल्या बऱ्याच जणांना ते अति वाटलं. कुत्र्यासाठी एवढ्या लांब? मला उलट वाटत होतं. पाय तिचा जाणार होता आणि ठरवणार होतो आम्ही, तिला न विचारता. मग पुरती खात्री करून घेणं हे आमचंच काम होतं.

गोदी आमची जर्मन शेफर्ड, आठ वर्षांची. सिडकोतल्या घराचा जिना उतरताना ती पुढचा डावा पाय जपून टाकायला लागली. मुरगळला असेल म्हणून गोळ्या झाल्या. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, गोळ्या थांबल्या की पुन्हा लंगडणं. (शेजारच्यांनी मायेनं आपल्याकडची ब्रुफेन देऊ केली होती. ती कुत्र्याला कधीही देऊ नये. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात.) मग मनगटाच्या जरा वर टणक सूज आली. तिथं हात लावला की ती अंग चोरायची.

इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड आतून पोखरलेलं आणि बाहेरच्या बाजूनं वेडंवाकडं वाढलेलं दिसत होतं. ते म्हणाले, “हाडाचा कॅन्सर वाटतोय. पाय काढावा लागेल. पण त्याआधी तुम्ही आणखी कुणाला दाखवणार असाल, तर जरूर दाखवा.” एक्स-रेच्या मूळ फाइली त्यांनीच पेनड्राइव्हवर घालून दिल्या. मोबाइलवर काढलेल्या फोटोत हाडाच्या कडा नीट दिसत नाहीत, म्हणाले. दुसरीकडे दाखवणं म्हणजे पहिल्यावर अविश्वास, असं आपण उगाच समजतो. त्यांच्या बोलण्यानं माझा तो संकोच गेला.

मुंबईचा विचार झाला होता. रतन टाटांना आपल्या कुत्र्याच्या सांध्यासाठी थेट अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठापर्यंत जावं लागलं होतं आणि तरी उशीर झाला होता, हे त्यांनीच सांगितलं होतं. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं, त्यामागे तो अनुभव होता. पण दुखऱ्या पायानं गोदीला एवढा प्रवास नको वाटला. मराठवाड्यात परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९७२ पासूनचं. जालना, मंठा, जिंतूर करत गेलो. मागची सीट गाद्यांनी भरून काढली होती आणि मुलगी तिच्याजवळ बसली होती.

तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे आधी पाहिला नाही. गोदीला चालवलं, उभं केलं, चारही पाय खांद्या-खुब्यापासून पंजापर्यंत चाचपले. मग फाइल उघडून आम्हाला समजावलं. ऑस्टिओसार्कोमा हा मोठ्या जातींच्या कुत्र्यांचा आजार. पुढच्या पायात तो बहुधा कोपरापासून लांब होतो, म्हणजे खांद्याशी किंवा मनगटाशी, आणि मागच्या पायात गुडघ्याजवळ. गोदीची जागा नेमकी तीच होती. तरी बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्गही हाड असंच पोखरू शकतो. “चित्रावरून संशय घ्यायचा, पाय काढायचा तो तुकडा तपासून,” असं ते म्हणाले.

मग भूल देऊन जाड सुईनं हाडाचा नमुना घेतला. त्यानं आधीच कमकुवत झालेलं हाड मोडू शकतं, ही जोखीम आम्हाला आधी सांगितली होती. हाडाचा तुकडा आम्लात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, तेव्हा कुठे त्याचे पातळ काप होतात; म्हणून रिपोर्टला वेळ लागतो. ते थांबणं फार जड गेलं. छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे काढले, ते स्वच्छ होते. पण त्याचा आनंद आम्हाला फार करू दिला नाही. या आजारात दहापैकी नऊ कुत्र्यांमध्ये पेशी आधीच फुप्फुसाकडे गेलेल्या असतात, फक्त त्या एक्स-रेवर दिसण्याएवढ्या मोठ्या नसतात.

आणि त्यांनी खुब्याचे एक्स-रे काढले. जर्मन शेफर्डचे खुबे अनेकदा वाढीच्या वयातच सैल होतात. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. त्यातला एक काढला तर उरलेले तीन पाय ते पेलतील का, हे आधी पाहायला हवं. हा प्रश्न आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. एवढ्या एका प्रश्नासाठीसुद्धा मी पुन्हा परभणीला गेलो असतो. खुबे ठीक निघाले.

रिपोर्ट कॅन्सरचाच आला. पहिल्या डॉक्टरांचा अंदाज बरोबर होता आणि आमची धडपड वाया गेली, असं काहींना वाटलं. मला तसं वाटत नाही. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने, जोडीला केमोथेरपी दिली तर दहा-बारा, हे आकडे आता आमच्यासमोर होते. पाय काढायचा तो मुख्यतः वेदना थांबवायला, हेही तिथंच कळलं. तोवर मी त्याला तिच्यावरची शिक्षा समजत होतो.

पाय परभणीतच काढला. केमो इथले डॉक्टर देणार आहेत. दोघं आपसांत फोनवर बोलले आणि औषध कार्बोप्लॅटिन ठरलं, दर तीन आठवड्यांनी. प्रत्येक डोसआधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या, आणि नंतरचे काही दिवस तिची लघवी साफ करताना हातमोजे घालायचे. टाके निघालेत. गोदी तीन पायांवर गच्चीपर्यंत चढते. उतरताना अजून घाबरते, म्हणून जिन्यावर रबरी पट्ट्या चिकटवल्या आहेत.