उसने छप्पर

कलकत्त्याच्या खिदिरपूर भागात वडिलांच्या घरी राहून ज्यांनी हिंदू कॉलेज गाठले, त्या मायकेल मधुसूदन दत्तांचे 'शर्मिष्ठा' नाटक १८५९ साली रंगभूमीवर आले, ते पाइकपाड्याच्या राजांच्या बेलगाछियातील बागबंगल्यात. नाटक कवीचे, छप्पर राजाचे. पुढे १८७२ मध्ये तिकीट लावून 'नीलदर्पण' करणाऱ्या तरुणांनी जोडासाँकोतील एका वाड्याचे अंगण भाड्याने घेतले. नाटकाला प्रतिभेइतकीच जागा लागते, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात सहसा तळटीपेत जाते. मराठीत मात्र एका शाळेच्या सभागृहाने ती इतकी ठळक केली, की चळवळीलाच शाळेचे नाव पडले.

'रंगायन' फुटल्यावर १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे प्रभृतींनी 'आविष्कार' स्थापन केली. आरंभ गिरीश कार्नाडांच्या 'तुघलक'ने, म्हणजे भव्यतेने झाला. परंतु मोजक्या प्रेक्षकांच्या नाटकाला मोठ्या नाट्यगृहाचे भाडे कसे पेलावे? १९७४ साली दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह मिळाले. सुलभाताईंनी त्या शाळेत शिकवलेले होते. दिवसा मुलांची शाळा, संध्याकाळी नाटक. आदल्या रात्रीचे नेपथ्य सकाळच्या घंटेपूर्वी नाहीसे झालेच पाहिजे. त्यामुळे नेपथ्य आटोपशीर झाले. या रंगभूमीच्या साधेपणाचे श्रेय सौंदर्यशास्त्राला देण्याची समीक्षकांना हौस असते. त्यातला थोडा वाटा शाळेच्या वेळापत्रकाचाही आहे.

खरे औदार्य मात्र पुढचे. जागा 'आविष्कार'ने मिळवली, पण स्वतःपुरती राखली नाही. ज्यांच्या गाठीला पैसा नव्हता अशा इतर हौशी व प्रायोगिक संस्थांनाही ती खुली झाली. परस्परांची नाटके न आवडणारी माणसे एकाच छपराखाली नांदली. बादल सरकारांचे 'जुलूस' अमोल पालेकरांनी तेथे केले, तेव्हा कलकत्त्यातील अंगणमंचाचा विचार दादरच्या गल्लीत अवतरला. नट आणि प्रेक्षक यांच्यात जेमतेम हातभराचे अंतर. खोटा उसासा लपवायला जागाच नाही. प्रयोगानंतर वाद खालच्या गल्लीत वड्यांबरोबर चालत. कित्येकांचे नाट्यशिक्षण तेथेच झाले.

पण उसने ते उसनेच. अरविंद देशपांडे १९८७ मध्ये गेले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी छबिलदासमधील पर्व संपले. बिऱ्हाड माहीमला महापालिकेच्या शाळेत हलले. तेथेही तालमी, प्रयोग आणि अरविंद देशपांडे स्मृती महोत्सव झाले, इतर संस्थांसाठी दार तसेच उघडे राहिले. एका गुणी चळवळीला अर्धशतकात स्वतःच्या मालकीची चार भिंतींची खोली मिळू नये, याचा दोष कोणा एका संस्थेला देता येत नाही. समाजाने नाटककारांचे सत्कार केले, जागेचा प्रश्न कार्यकर्त्यांवर सोडला.

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर वाहिला ते अरुण काकडे. नाटक लिहिणारे वेगळे, गाजवणारे वेगळे. तारखा, परवानग्या, खुर्च्या आणि हिशेब काकड्यांकडे. सुलभाताई २०१६ मध्ये गेल्या, काकडे २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये. आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांनी आत्मकथनाला नाव दिले होते: 'अमका'.